सोजराबाईंनी काढून नेलेली बैठक

मी एक जुनी बैठक आहे, मित्रांनो. माणसं बसतात ती नव्हे. माझ्यावर एक लोखंडी हत्यार बसायचं आणि मी मेजावर बसायची. वीतभर रुंदीची सागवानी फळी, तिच्याखाली लोखंडी पट्टी आणि मेजाच्या कडेला आवळायला हातानं फिरवायचे स्क्रू, एवढाच माझा देह.

माझे मालक गेनबा पहिल्या महायुद्धात पलटणीत होते. परत आले आणि हिर्डोशीला भात-नाचणी करू लागले. रानडुकरं उभं पीक लोळवून टाकायची, म्हणून भोर संस्थानानं त्यांना बंदुकीचा परवाना दिला होता. नवी काडतुसं मिळवायची तर पुणं गाठावं लागे. त्यापेक्षा उडालेल्या काडतुसांची पितळी नळकांडी जपून ठेवायची आणि घरीच पुन्हा भरायची, असा त्यांचा शिरस्ता. त्यासाठीच ते दांडा दाबून काडतूस भरायचं हत्यार त्यांनी आणलं होतं.

ते हत्यार मेजाला कायमचं ठोकायला गेनबा निघाले, तेव्हा त्यांची बायको सोजराबाई आडव्या आल्या. घरात मेज एकच, आणि त्यावर त्यांचं हातानं फिरवायचं शिलाई मशीन. "अवं, मेज काय एकट्या तुमचं हाय व्हय? ती काळी भुकटी माज्या चोळ्यांवर नगं."

मग उत्रोलीच्या भिमा सुतारानं एका मोडक्या चौकटीतून मला घडवलं. मला पहिल्यांदा आवळून बघताना तो हसला. "घ्या गेनबा. काम असंल तवा बसवा, न्हाईतर काढून ठेवा. दोघांचाबी संसार चालंल."

त्यांचा चालला, पण माझ्या नशिबी स्वस्थपणा आला नाही. कधी मेजावर, कधी खुंटीवर. खुंटीला लटकत मी मशीनची खडखड ऐकायची आणि आपली पाळी कधी येते म्हणून झुरायची. मेजावर चढले की दुसराच घोर. गेनबांनी दांडा दाबला की माझ्या अंगातून कळ जायची. जरा हलले तर काडतूस वाकडं बसेल, या धास्तीनं मी मेजाला घट्ट धरून राहायची. सगळ्या खोऱ्यात लोक म्हणत, "गेनबाचा बार कदी फुसका जात न्हाई." ते ऐकून गेनबा मिशीत हसत. मलाही बरं वाटायचं, खोटं का बोलू?

एका चैत्रात सोजराबाईंचा थोरला भाऊ कोंडिबा आला. घाटाकडच्या वाडीत राहायचा तो. त्याच्याकडेही परवान्याची बंदूक होती. त्यानं रिकामी नळकांडी मेजावर ओतली. "दाजी, एवढी भरून द्या. बारीक छर्रे नगं, जाड घाला. डुकरं लई माजल्यात."

"दुपारी देतो की," गेनबा म्हणाले. त्यांनी मला मेजावर आवळलं, हत्यार चढवलं आणि ते बैलांना पाण्यावर घेऊन गेले.

सोजराबाई चुलीपाशी होत्या. त्यांचा हात थांबला. "दादा, नाचणी कवाच मळून झाली. चैतात कुठलं रान राखतूस?"

कोंडिबा म्हणाला, "तू भाकरी कर."

त्यांच्या मनात पाल चुकचुकली. आदल्याच दिवशी चोळीचं माप द्यायला आलेली रतनबाई सांगून गेली होती की वाडीच्या झऱ्यावर भांडण झालं, सावळा धनगराच्या शेरडांनी पाणी गढूळ केलं, कोंडिबानं शिवी हासडली आणि सावळाच्या काठीनं चारचौघांत कोंडिबाचं पागोटं खाली पडलं. सावळाला तर एवढ्याशा लेकी होत्या.

कोंडिबा ओट्यावर आडवा झाला, तशा सोजराबाई मेजापाशी आल्या. त्यांनी हत्यार उतरवलं, माझे स्क्रू फिरवले. मला पदराखाली धरून त्यांनी आतल्या अंधाऱ्या खोलीतल्या कणगीत, भाताच्या ढिगात खोल दाबलं. मग मशीनची खडखड सुरू झाली.

भाताची टोकं मला सगळीकडून टोचत होती. बाहेर काय चाललंय ते दिसेना. त्या माणसाला मी कधी पाहिलंही नव्हतं, तरी सावळाचं नाव माझ्या मनातून हलेना.

पावलं वाजली. गेनबांचा आवाज आला, "बैठक कुठाय?"

"काढली म्या. तो डुकरासाठी न्हाई मागत. सावळासाठी मागतोय."

"शब्द दिलाय गं मी. आन बार तर..."

"तुमचा बार फुसका जात न्हाई, त्येचीच तर भीती हाय मला."

मशीन थांबलं. मग ओट्यावरून गेनबांचा आवाज आला, हळू पण पक्का. "कोंडिबा, भरून द्यायचो न्हाई मी. पलटणीत माणसं पडताना बघितल्यात. ती पुन्हा उठत न्हाईत."

"बायकूचं ऐकून माघारी फिरता व्हय, दाजी?"

"व्हय. तुजीच भन हाय ती."

नळकांडी पोत्यात खणखणत पडली. कोंडिबा भाकरीला न शिवता निघून गेला. सोजराबाई कणगीपाशी आल्या आणि तिला टेकून रडू लागल्या. मला बाहेर काढायचं त्यांना सांजेपर्यंत सुचलंच नाही.

तेव्हापासून भाऊबीजेला त्यांचं ताट रिकामंच राहू लागलं. ओवाळायची तयारी करून त्या घाटाच्या वाटेकडं बघत बसायच्या. मी खुंटीवर चुळबुळत असायची. आमच्यामुळं बहीण-भाऊ तुटले, की माणूस वाचला? दोन्ही खरं होतं, म्हणूनच मला चैन पडत नव्हती.

पुढं दुसरं महायुद्ध आलं आणि बंदुकीची दारू, काडतुसाच्या टोप्या मिळेनाशा झाल्या. गेनबांची नजर मंदावली. मी माळ्यावर गेले, माझ्या पट्टीला गंज चढला.

आणि एका भाऊबीजेला ओट्यावर काठी टेकल्याचा आवाज आला. कोंडिबाच होता, म्हातारा झालेला. सोजराबाईंनी पाट मांडला. ओवाळून झाल्यावर तो खाली मान घालून म्हणाला, "सावळाच्या धाकट्या लेकीचं लगीन झालं गं. पंगतीत वाढाय मीच हुतो."

मित्रांनो, तुमच्या घरात हत्यार असेल तर ते पुसून, तेल लावून जपा, आणि काम सरलं की कुलपात ठेवा. पण कुणी संतापानं धुमसत ते मागायला आलं, मग तो सख्खा भाऊ का असेना, तर आधी विचारा, कशापायी? पटण्यासारखं उत्तर येईपर्यंत देऊ नका.