गिरणी नसलेली कोनशिला

मित्रांनो, मी एक जुनी कोनशिला आहे. नवी इमारत बांधायची ठरली की पायाशी नावं कोरलेला दगड बसवतात ना, ती मी. माझ्या नशिबात वेगळं एवढंच, की माझ्यामागे इमारत कधी उभी राहिलीच नाही. पुढे मी होते आणि मागे नुसतं वारं होतं. माझी गोष्ट सांगताना मला लाज वाटते. पण किती दिवस गप्प बसू? आज सांगूनच टाकते.

माझं माहेर वणीकडचं. राजूरला जमिनीखालून कोळसा काढतात, त्याच मुलखातल्या एका दगडखाणीत मी निवांत झोपले होते. सुरुंग फुटला, मी मोकळी झाले, ट्रकमध्ये पडले आणि दिग्रसला एका म्हाताऱ्या पाथरवटाच्या दारात उतरले. म्हातारा हाडाचा कारागीर. त्यानं मला आठ दिवस घासलं. शेवटी माझ्यावरून तळहात फिरवून म्हणाला, "आरसा झाली वं बाई तू, आरसा!" मला वाटलं, आपण आता देवळात जाणार, नाहीतर गेलाबाजार एखाद्या शाळेत तरी. दगडालासुद्धा स्वप्नं पडतात हो!

मग माझ्यावर काय कोरायचं त्याचा कागद आला.

ते वर्ष लढाईचं होतं. उन्हाळ्यात तिकडे उत्तरेच्या बर्फाच्या डोंगरांवर लढाई झाली आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पळसतांड्याचा प्रेम नावाचा जवान तिथून परत आलाच नाही. पळसतांडा म्हणजे बंजारा लोकांची वस्ती. यांचे पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. आता सगळे कापूस पिकवतात. प्रेम हा तिथल्या रुपीबाईचा एकुलता एक मुलगा. तांड्यात आईला याडी म्हणतात आणि रुपीबाईला तर लहानथोर सगळेच याडी म्हणत.

प्रेम गेल्याचं कळताच साहेब तांड्यावर आले. साहेब म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. त्यांचं नाव मी घेणार नाही. माझ्या तोंडावर ते कोरलंय, तेवढं पुरे. साहेबांनी रुपीबाईचे दोन्ही हात हातात घेतले, डोळ्यांना रुमाल लावला आणि भरसभेत म्हणाले, "या मातेनं देशाला मुलगा दिला. आम्ही या मातीला सूतगिरणी देऊ. प्रेमच्या नावाची! इथला कापूस इथंच कातला जाईल. भाव तुम्ही सांगाल तो!"

टाळ्यांनी आभाळ फाटायची वेळ आली. तांड्याचा नायक होता भीमसिंग, सातवी शिकलेला, न शिकलेल्यांचे कागद वाचून देणारा भला माणूस. तो रुपीबाईला म्हणाला, "याडी, रस्त्याच्या कडंची तुयी दोन एकर दे. बाकी गायरान हाय. पोराच्या नावाचं काम हाय हे." तिनं दिली. कागदावर अंगठा उठवताना तिनं साहेबांना एकच विचारलं.

"पोराचं नाव लागन ना?"

"सगळ्यात मोठ्या अक्षरात, माय!" साहेब म्हणाले.

तर तो कागद. त्यावर तळाला एक ओळ होती, 'शहीद जवान प्रेम यांच्या स्मरणार्थ'. सगळ्यात मोठ्या अक्षरात नव्हती, पण होती. पाथरवटानं वरून सुरुवात केली. साहेबांचं नाव टपोरं काढलं. मग उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे असं करत तो अर्ध्यावर आला, तोच साहेबांचा एक कार्यकर्ता फटफटीवरून धापा टाकत आला. आणखी दोन मान्यवर राहिले होते. ते रुसले होते म्हणे. त्यांची नावं घेतल्याशिवाय भागणार नव्हतं.

"जागा कोठी हाय बाप्पा?" पाथरवट म्हणाला. "मंग या जवानाचं?"

"ते राहू द्या," कार्यकर्ता म्हणाला. "तो थोडाच वाचाले येऊन राह्यला!"

म्हाताऱ्यानं छिन्नी खाली ठेवली. पण पोट सगळ्यांनाच आहे. त्यानं पुन्हा छिन्नी उचलली. मित्रांनो, छिन्नीचे घाव मला कधी दुखले नव्हते, त्या दिवशी दुखले.

दुसऱ्या दिवशी वाजतगाजत मला चबुतऱ्यात बसवलं. साहेबांनी दोरी ओढली, पडदा सरकला, फोटो निघाले. गर्दी ओसरल्यावर रुपीबाई नवी फेटिया, म्हणजे तांड्यातला घागरा, नेसून, हातात कुंकवाची डबी घेऊन माझ्यापुढे आली. "नायक, कोठी हाय रे माह्या पोराचं नाव?"

भीमसिंगानं मला वरून खालपर्यंत वाचलं. मग पुन्हा वाचलं. त्याचा चेहरा उतरत गेला तो मी पाहिला. त्यानं दूरवर गाडीत बसणाऱ्या साहेबांकडे पाहिलं, मग त्या बाईकडे पाहिलं आणि सगळ्यात मोठ्या नावावर बोट ठेवलं. "हे काय, याडी. सगळ्यात मोठं."

ती हसली. तिनं साहेबांच्या नावाला कुंकू लावलं, पाया पडली आणि माझ्यावर कपाळ टेकून रडली. मला तोंड असून उपयोग काय? त्या तोंडावर दुसऱ्यानंच लिहिलेलं!

त्यानंतर वेचणीला जाता-येता ती माझ्याकडे यायची. पदरानं धूळ पुसायची, कुंकू लावायची, पोराशी चार शब्द बोलायची. "आज लय ऊन हाय रे बेटा." तांड्यात शिकलेली माणसं काही कमी नव्हती. सगळ्यांना ठाऊक होतं की ती भलत्याच नावाशी बोलते. पण तिला सांगायचं कुणी? जो तो मान खाली घालून माझ्यासमोरून जायचा. भीमसिंग तर वळसा घेऊन पाणंदीनं जायला लागला.

गिरणीची वीटसुद्धा आली नाही. दोन एकर रानात तरोटा माजला, शेळ्या माझ्यावर पाठ घासू लागल्या. कापसाचं तर विचारूच नका. सरकारी खरेदी केंद्रावर बैलगाड्यांची रांग गावाबाहेर जायची, माणसं चार-चार दिवस गाडीखाली काढायची आणि हातात पडणारा भाव मात्र दरसाल घसरत जायचा. साहेब भोंग्यावरून सांगत, "लढाईचा खर्च मोठा झाला, देशासाठी थोडं सोसा!" आणि इकडे माणसं वर्तमानपत्रात वाचत, की परदेशचा कापूस जहाजं भरभरून येतोय.

म्हातारा नेमसिंग माझ्या चबुतऱ्यावर बसून एकदा म्हणाला, "लढाईच्या टायमाले आम्ही वाघाचे बच्चे. अन् कापसाच्या टायमाले आम्ही कोण रे भाऊ?"

जमनी नावाची फटकळ बाई होती, ती लगेच म्हणाली, "सोसाचं आपण, अन् हार त्याइच्या गळ्यात!"

आधी साहेबांची जीप दिसली की अख्खा तांडा रस्त्यावर यायचा. आता जीप गेली तरी कुणी मान वर करेना. पोरं मात्र माझ्या चबुतऱ्यावर उभी राहून 'साहेब-साहेब' खेळायची. ज्याला सगळ्यात जास्त थापा मारता येतील तो साहेब! मी शरमेनं अर्धी होऊन जायचे.

पाच वर्षांनी पुन्हा निवडणुका जवळ आल्या आणि साहेबांना सूतगिरणी आठवली. पुन्हा मांडव पडला, पुन्हा खुर्च्या आल्या, आणि लाल कापडात गुंडाळलेली एक नवी काळी कोनशिला आली. भूमिपूजन दुसऱ्यांदा! एकाच नवरीची दोनदा हळद ऐकलीय का कुठे? तांडा आला, पण हाताची घडी घालून बसला. दोन गडी पहारी घेऊन मला उपटायला आले आणि रुपीबाई धावत येऊन मला बिलगली.

"हात लावू नका! माह्या पोराचं नाव हाय याच्यावर!"

गडी थांबले. शिकलेल्यांनी नजरा फिरवल्या. काय गोंधळ आहे ते बघायला साहेब स्वतः खाली उतरले. त्यांनी मला पाहिलं आणि आपल्या नावावरचे ते कुंकवाचे थर पाहिले. त्यांचा चेहरा असा काही फुलला, की काय सांगू! त्यांनी ध्वनिक्षेपक मागवला आणि रुपीबाईच्या खांद्यावर हात ठेवून गरजले, "बंधूंनो, विरोधक म्हणतात लोक आमच्यावर नाराज आहेत. इकडे बघा! ही माउली गेली पाच वर्षं माझ्या नावाला कुंकू लावते आहे! माझ्या नावाला! यापेक्षा मोठं प्रेम कोणतं?"

टाळी एकही पडली नाही.

रुपीबाईनं साहेबांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग गर्दीत भीमसिंगाला शोधलं. "नायक, हा काय म्हणून राह्यला? हे नाव कोणाचं हाय?"

मित्रांनो, त्या घडीला भीमसिंग म्हणू शकला असता, 'साहेबाची काही चूक झाली, याडी.' तिनंही ते मानलं असतं. मी श्वास रोखून उभी होते. भीमसिंग पुढे आला, त्यानं डोक्यावरचं पागोटं काढून काखेत धरलं आणि साहेबांच्या हातातला ध्वनिक्षेपक घेतला.

"हे नाव साहेबाचं हाय," तो म्हणाला. "प्रेमचं नाव या दगडावर कोठीच नाही. मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. जमीन द्याले मीच तुले सांगतलं होतं, याडी. तुले खरं सांगाची मले लाज वाटली. साहेब तर खोटं बोललेच, पण मीबी पाच साल तुयाशी खोटंच बोललो."

रुपीबाईनं पदर ओला केला आणि त्या मोठ्या नावावरचं कुंकू पुसायला लागली. पाच वर्षांचं कुंकू ते, लवकर निघतं का? ती पुसत राहिली. मग जमनी उठली, नेमसिंग उठला, आणि बघता बघता सगळा तांडा उठून घराकडे चालायला लागला. "अहो थांबा, जेवण तयार हाय!" एक कार्यकर्ता मागून ओरडत होता. कुणी वळलं नाही. साहेब रिकाम्या खुर्च्यांसमोर उभे होते. ते निवडणूक हरले की जिंकले हे मला विचारू नका. त्यांच्या जागी कुणीही आलं असतं तरी तांड्याचा विश्वास काही परत येणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी लोकांनीच मला उपटलं. जमनी घण घेऊन आली होती. रुपीबाई म्हणाली, "फोडू नका. दगडानं काय केलं?" तिनं फोडू दिलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. तिनं मला आपल्या दारातल्या लिंबाखाली पालथं टाकलं, बसायला. सरकारदरबारी कागद कुणाच्या नावाचा आहे याची फिकीर न करता तिनं दोन एकरांत नांगर घातला आणि ज्वारी पेरली.

भीमसिंगाशी ती पुढे वर्षभर बोलली नाही. मग एक दिवस तिनंच त्याला बोलावणं धाडलं. तो आला आणि अंगणातच उभा राहिला. तिच्या मांडीवर कापडात गुंडाळलेली तीन पत्रं होती, प्रेमनं लढाईवरून धाडलेली.

"हे पत्रं मले तूच वाचून दाखवले होते," ती म्हणाली. "तेबी त्या दगडासारखेच वाचले का?"

भीमसिंगानं पत्रांसाठी हात पुढे केला.

"आता वाचून नको दाखवू," ती म्हणाली. "मले शिकव."

माझ्या गुळगुळीत पाठीवर कोळशानं धडे सुरू झाले. साठीच्या बाईची बोटं, वेचणीनं फाटलेली. 'प' काढायला तिला आठवडा लागला. भीमसिंग रोज सांजच्याला यायचा, धडा द्यायचा, पाणीसुद्धा न पिता जायचा. दोन हंगाम गेले. मग एका सकाळी माझ्यावर बसून तिनं पहिलं पत्र उलगडलं आणि एकेका अक्षराला थांबत, घाम पुसत वाचायला लागली. भीमसिंग समोर उभा होता.

"या-डी. मी ब-रा आ-हे." एवढं तिनं पूर्वी ऐकलेलं होतं. ती पुढे सरकली. "इथं बर्फ फार. मोजे भिजतात. पाय ब-धिर होतात. दिग्रसच्या बाजारातून लोकरीचे दोन जोड घे. नायकाला सांग, तो पार्सल करेल."

तिनं ते पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं.

"काहून नाही वाचलं हे?" तिनं विचारलं.

भीमसिंग म्हणाला, "रोज रेडिओवर सांगून राह्यले होते, याडी, का जवानाले कशाचीच कमी नाही. दिग्रसच्या सभेत साहेबबी तेच सांगून गेलते. मले वाटलं, एवढे मोठे लोक सांगून राह्यले तर खरंच असन, तुयाच्या जिवाले कायले घोर लावा. पोराच्या पत्रावर नाही, मी त्याइच्यावर भरोसा ठेवला."

रुपीबाईनं पत्राची घडी घातली.

"मोजेच मांगतले होते रे त्यानं," ती म्हणाली. "मी पायी जाऊन आणले असते."

मित्रांनो, माझ्या पालथ्या तोंडावरची नावं आता मातीत आहेत आणि तिथंच राहोत. तुमच्याकडे मी दगडांसाठी काही मागत नाही. तुम्ही शाळेत जाता, तुम्हाला वाचता येतं. तुमच्या घरात, शेजारात कुणाला वाचता येत नसेल, तर त्याला जे लिहिलं असेल तेच वाचून दाखवा. वाईट असलं तरी दाखवा. त्याला निदान मोजे तरी धाडता येतील.