झाकणाचं पान

"ते पान नको," ती म्हणाली. "एवढं जाडजूड पुस्तक आहे. दुसरं कुठलंही द्या, वाचते."

लेखकानं चष्मा पुसत उत्तर दिलं, "अगं, लोकांना तेच हवं असतं."

ही ऑनलाइन गप्पांची मालिका दर रविवारी संध्याकाळी चालायची. मोठ्या नावांना फाटा देऊन कानाकोपऱ्यातले लेखक-कवी हुडकायचे आणि पडद्यावर आणायचे, असा मालिकेचा बाणा. पाहुण्यानं आपल्याच घरात, मागं पुस्तकांचं कपाट दिसेल असं बसायचं. शेवटी असायचा 'घरचा आवाज', म्हणजे लेखकाच्या घरातल्या कुणीतरी त्याच्या लिखाणातला उतारा वाचून दाखवायचा. मागच्या खेपेला एका कवीच्या नातीनं बोबडं वाचलं, तर बघणाऱ्यांनी लाल बदामांचा सडा घातला. घरातली माणसं एरवी चहा आणून ठेवायच्या कामाची. इथं त्यांना चार मिनिटं तोंड उघडू देतात, याचं केवढं कौतुक!

आज पाळी लेखकाच्या बायकोची होती. आणि नवऱ्यानं निवडलं होतं झाकणाचं पान.

कादंबरी ज्यांनी वाचली नव्हती त्यांनाही ते पान ठाऊक होतं. एक आई अंगणातल्या जमिनीतल्या टाकीतून बादलीभर पाणी काढते, शेजारणीशी बोलत बसते, झाकण उघडं राहतं आणि तिचं नुकतं चालायला लागलेलं पोर आत जातं. त्या पानानं लेखकाला पुरस्कार दिला. बायकोला काय दिलं? पोर गेल्यावर घर खायला उठायचं म्हणून ती पाळणाघर चालवायची. पुस्तक आलं आणि एकेक मूल यायचं बंद झालं. तोंडावर कुणी बोललं नाही. उलट रस्त्यात भेटल्या की बायका हात हातात घ्यायच्या, "किती सोसलंत हो तुम्ही," म्हणायच्या, आणि स्वतःच्या पोराला हळूच पलीकडच्या अंगाला घ्यायच्या.

आता प्रश्न नातीचा होता. लेकीची बाळंतपणाची रजा संपली होती. उद्यापासून बाळानं आजीकडे राहायचं ठरलं होतं. लेकीच्या सासूनं कादंबरी वाचलेली होती, म्हणून इतके दिवस घोडं अडलं होतं. सकाळीच लेकीचा फोन येऊन गेला. "आई, आज इकडे सगळे बसणार आहेत बघायला. कसंबसं राजी केलंय मी त्यांना. बाबांना सांग, ते पान तेवढं नको."

"लेकीच्या घरचे बघणार आहेत," तिनं पुन्हा सांगून पाहिलं.

"बघू देत की. कादंबरीतली बाई म्हणजे तू नव्हेस, एवढं ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी मी लिहीत नाही."

"तुम्ही लिहू नका त्यांच्यासाठी. पण नात त्यांच्या घरात आहे."

"तूच वाच म्हणतोय ना? तुझ्या तोंडून आलं की मिटलं सगळं. लोक म्हणतील, केवढ्या मोठ्या मनाची बाई!"

मोठ्या मनाची. खरं काय ते दोघांनाच ठाऊक होतं. त्या दुपारी ती शिवणकामाच्या कारखान्यात मशिनीवर होती. घरी होता तो. लिहायला म्हणून रजा काढली होती त्यानं. ती परत आली तेव्हा पोर ओल्या फरशीवर निजवलेलं आणि हा भिंतीवर डोकं आपटत होता, "मी जगत नाही आता, मी जीव देतो." एका दिवसात दोन मढी उचलायची ताकद तिच्यात नव्हती. माणसं जमली, विचारायला लागली, तेव्हा तीच म्हणाली, "मी जेवणाच्या सुट्टीत येऊन गेले. झाकण माझ्याकडून राहिलं."

तिचं ते खोटं त्यानं आधी आधारासारखं धरलं, पुढं मालकीच्या जमिनीसारखं कसलं. दर मुलाखतीत ते इतकं घोळवलं की आता त्याला तसंच आठवत असावं. तिला भीती वाटायची ती ह्याचीच.

संध्याकाळी कार्यक्रम रंगला. सूत्रसंचालिका दर वाक्याला "क्या बात है सर" म्हणत होती. मातीशी नाळ, वेदनेचा वारसा, सगळं बोलून झालं. मग ती लाडात येऊन म्हणाली, "वहिनी, या ना! लाजू नका. आता घरचा आवाज."

तो उठला, बायकोला खुर्ची दिली आणि शेजारी स्टुलावर बसला. तिनं पुस्तक मांडीवर घेतलं. पडद्यावर कोपऱ्यात तिचाच चेहरा दिसत होता, शेजारी अनोळखी नावांच्या ओळी सरकत होत्या. त्या नावांत कुठंतरी लेकीचं सासर होतं.

"त्या दिवशी आई घरात नव्हती," तिनं सुरुवात केली. "ती कॉलरी शिवत होती. बाप घरी होता. नळ कोरडे होते, म्हणून बापानं टाकीतून पाणी काढलं. काढता काढता त्याला एक वाक्य सुचलं. ते विसरेल म्हणून बादली तिथंच टाकून तो टेबलाकडे पळाला. झाकण बाजूलाच. पोर बापाच्या मागं मागं अंगणात आलं होतं, हे बापाला ठाऊक होतं. वाक्य लिहून झाल्यावर त्याला दुसरं सुचलं. मग तिसरं. आई आली, तिनं टेबलावरचा कागद पाहिला. पान भरलं होतं. पुरं भरलं होतं. तरी ती म्हणाली, चूक माझी. कारण नवरा मेला असता. तिला वाटलं, हा माणूस जगला तर निदान रडायला जोडीला तरी कुणी असेल."

सूत्रसंचालिकेनं डोळ्यांना रुमाल लावला.

"सर! काय केलंत हे? तोच प्रसंग, पण दोष बापाकडे! पात्रांची अदलाबदल!"

ओळी धडाधड सरकायला लागल्या. अंगावर काटा. काय ते वाचन! लेखकानं स्वतःलाच पिंजऱ्यात उभं केलं, याला म्हणतात धाडस.

"अहो बाई, हे वाचन नाही," ती म्हणाली. "असं झालंय. खरं सांगतेय मी."

"बघा, बघा! अजून भूमिकेतून बाहेर येत नाहीयेत वहिनी!"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. पापणी लवेपर्यंतच, पण तिला स्वच्छ दिसलं, त्याला सगळं आठवत होतं. मग त्यानं कॅमेऱ्याकडे तोंड केलं आणि घसा साफ केला.

"नवीन कादंबरी चालू आहे," तो म्हणाला. "खरं तर इतक्यात सांगायचं नव्हतं."

बदामांनी पडदा लाल झाला.

कार्यक्रम संपल्यावर ती ओरडा खायच्या तयारीनं उभी होती. त्यानं खुर्ची ओढली, कीबोर्ड पुढ्यात घेतला.

"ते पान भरल्याचं कसं म्हणालीस? परत सांग. हळू सांग, मी टाइप करतो."

"तुम्हाला आठवत नाही?"

"आठवतं गं. पण तुझ्यासारखं नाही आठवत."

तेवढ्यात फोन वाजला. लेक होती. मागं टीव्हीचा आणि माणसांचा कालवा.

"सासूबाई म्हणतात, बाबांनी काय सुंदर लिहिलंय," लेक म्हणाली. मग दार लोटल्याचा आवाज आला, कालवा थांबला. "आई, तुझ्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. चष्म्याशिवाय तुला एक अक्षर दिसत नाही. खरं आहे ना हे?"

"हो."

"मी त्या दिवशी शाळेतून आले होते तेव्हा. तुझ्याकडे बघायचंसुद्धा नाही असं ठरवलं होतं मी. कितीतरी दिवस."

"माहीत आहे मला."

"माहीत होतं आणि गप्प बसलीस?" लेकीचा आवाज फाटला. "मी बाळाला त्या घरात आणणार नाही. तू इकडे ये राहायला, आजच ये. सासूबाईंचं मी बघते. पण ते नकोत. त्यांनी बाळाच्या जवळसुद्धा यायचं नाही."

"ते एकटे कसे राहतील? साखरेचं इंजेक्शन दोन्ही वेळा मीच देते."

"मला नको विचारूस. बाळ की ते, तू ठरव."

तिनं फोन ठेवला. कपाटातून चार कपडे काढून पिशवीत भरले. मग फ्रीजमधली बाटली आणि सुई आणून कीबोर्डशेजारी ठेवली.

"हे काय?" त्यानं विचारलं.

"जेवायची वेळ झाली. आजपासून तुमचं तुम्ही टोचून घ्यायचं. इकडे बघा. इथपर्यंत औषध ओढायचं. पोटाची कातडी चिमटीत धरायची, सुई सरळ आत घालायची. दाबायचं. थांबायचं. मग काढायची."

"अगं, निघालीस कुठं? ते पान राहिलं ना."

"नातीकडे. घ्या, सुई धरा."

त्यानं सदरा वर केला. कातडी चिमटीत धरली, सुई जवळ नेली. एकदा टोचली, अर्धवट, रक्ताचा ठिपका आला, तशी त्यानं ती मागं ओढली.

"तूच दे ना," तो म्हणाला. "आजच्या दिवस."

ती दाराशी वाकून चपलेचा पट्टा लावत होती. पट्टा लागला. तिनं पिशवी उचलली आणि दार बाहेरून ओढून घेतलं.