आधीचा आकडा

संध्याकाळचे सात वाजायला आले, की कोथरूडच्या त्या सोसायटीत घरोघरी फ्रिज उघडायचे आणि तीर्थाच्या तांब्याच्या वाट्या बाहेर यायच्या. करोनाची दुसरी लाट भरात होती. ज्येष्ठ नागरिक संघाचे जे सभासद एरवी बागेतल्या सावलीच्या बाकासाठी भांडायचे, ते आता मोबाइलच्या पडद्यावर चौकटीचौकटींतून जमत होते. कुणाचं नुसतं कपाळ दिसे, कुणाची नुसती भिंत.

"अहो आगाशे, पंखा दिसतोय तुमचा! दर्शनाला पंखा आलाय का?"

"कुणाचा तरी कुकर वाजतोय. आवाज बंद करा हो त्यांचा."

मग मधल्या चौकटीत श्वासानंद महाराज प्रकट व्हायचे. मागे बर्फाचा हिमालय. महाराजांचा मुक्काम मांजरीच्या एका फार्महाऊसवर आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. मधूनच त्या हिमालयातून उसाचा ट्रॅक्टर गेल्याचा आवाज यायचा आणि महाराजांनी हात उंचावला की कोपर बर्फात नाहीसं व्हायचं. काही सभासद त्या कोपरालाही नमस्कार करायचे.

"ज्येष्ठहो," महाराज म्हणायचे, "हा रोग फुफ्फुसाचा नाही, विस्मरणाचा आहे. तुमचा प्राण तुम्हाला विसरलाय. आज मी त्याला हाक मारणार आहे. बोटं तीर्थात बुडवा!"

तीर्थाच्या बाटल्या महाराजांकडूनच घरपोच यायच्या. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायच्या, म्हणजे चंद्राचा गुण उतरतो म्हणे. स्तोत्र संपेपर्यंत बोटं वाटीत बुडवून ठेवायची आणि मग बोटाला ऑक्सिमीटर लावायचा. आकडा यायचा नव्वद, एक्याण्णव. चौकटीचौकटींतून सुस्कारे उठायचे.

"घाबरू नका! हा जगाचा आकडा आहे. आता प्राणघोष!"

तळवे एकमेकांवर जोरात चोळायचे, खोल खोल श्वास घ्यायचा, सोडताना ओंकार. थोड्या वेळाने पुन्हा मशीन लावलं की सत्त्याण्णव! अठ्ठ्याण्णव! सगळी बोटं एकदम कॅमेऱ्यापुढे यायची आणि महाराज डोळे मिटून म्हणायचे, "मशीन विज्ञानाचं, कृपा गुरूची."

श्यामराव परचुरे या सत्संगातले पहिल्या रांगेचे भाविक. पडद्यावर रांगा नसतात, पण ते पावणेसातलाच धोतर नेसून बसायचे, म्हणजे पहिलेच. त्यांच्या पत्नी हेमाताई शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. त्या आतून भाजी चिरत ऐकायच्या आणि त्यांचं डोकं फिरायचं.

खरा राग निराळाच होता. हडपसरला राहणाऱ्या त्यांच्या मुलीनं, तनयानं, बाबांसाठी फोनवर डॉक्टरांची वेळ घेऊन दिली होती. व्हिडिओवर बोलायचं, औषधाची चिठ्ठी फोनवरच येणार, बाहेर पडायला नको. श्यामरावांनी फोन असा धरला की डॉक्टरला त्यांचं फक्त नाक दिसलं.

"मला काही झालेलं नाही," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. "नाडी न बघता कसला डॉक्टर? कानात इअरफोनची दोन बोंडं घालून बसलाय. नळी तरी लावायची गळ्यात!"

"महाराज तुमची नाडी बघतात वाटतं?" हेमाताई म्हणाल्या.

"त्यांना बघावी लागत नाही."

"तेच म्हणते मी. डॉक्टरला हात लावावा लागतो आणि महाराजांना रेंज पुरते."

श्यामराव हसले. चिडायचे नाहीत ते, तीच पंचाईत होती. "हेमा, तू विज्ञानाची बाई ना? मग आकडा वर कसा जातो तेवढं सांग. सांगितलंस तर आजपासून सत्संग बंद आणि तुझा तो बोंडंवाला डॉक्टर सुरू."

हेमाताईंना सांगता येईना. मशीन बोगस असणार असं त्यांना वाटलं. त्यांनी ते स्वतःच्या बोटाला लावलं, अठ्ठ्याण्णव. तनयाकडून दुसरं मागवलं, तेही अठ्ठ्याण्णव. दोन्ही मशीनं चोख निघाली आणि श्यामराव विजयी मुद्रेनं पुन्हा धोतर नेसायला गेले.

त्यानंतर लवकरच त्यांना ताप आला. तपासणी झाली, करोना निघाला. तनयाच्या इमारतीत रुग्ण सापडल्यामुळे तिला निघता येईना. ती फोनवर रडत होती आणि फोनवरच सगळी धावपळ करत होती. तिनं पुन्हा डॉक्टरांना लावून दिलं. डॉक्टर म्हणाले, "काका, ऑक्सिजन बघत राहा. चौऱ्याण्णवच्या खाली गेला तर लगेच कळवा, थांबू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी, तीर्थात बोट न बुडवताच, आकडा आला नव्वद. "अहो, नव्वद! डॉक्टरांना कळवा," हेमाताई म्हणाल्या.

"अगं, अजून प्राणघोष व्हायचाय," श्यामराव शांतपणे म्हणाले. "त्याच्या आधी सगळ्यांचाच कमी असतो. रोज बघतेस ना तू?"

त्यांनी तळवे चोळले, धापा टाकत खोल श्वास घेतले, खोकले, परत घेतले. मशीन क्षणभर चौऱ्याण्णववर गेलं. नेमका तेव्हाच डॉक्टरांचा फोन आला.

"डॉक्टर, आधी नव्वद होता!" हेमाताई दारातून मास्कमधून ओरडल्या.

"तो आधीचा," श्यामराव म्हणाले.

डॉक्टरांमागे त्या दिवशी किती पेशंट ताटकळत होते देव जाणे. "काका, आत्ता किती आहे?"

"चौऱ्याण्णव."

"ठीक आहे. घरीच थांबा, पालथे झोपा. उद्या बोलू."

तो दिवस असा गेला. पुढचाही तसाच गेला. आकडा खाली आला की श्यामराव त्याला आधीचा म्हणायचे आणि घासूनपुसून वर आणलेला डॉक्टरला सांगायचे. एवढी वर्षं वर्गात मुलांच्या प्रश्नांना उत्तरं दिलेल्या बाईला घरातल्या एका प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं आणि तेवढ्यासाठी नवरा हातचा जात होता.

तिसऱ्या दुपारी ताप फार चढला. हेमाताई बर्फाच्या पाण्यात फडकी पिळून त्यांच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होत्या. हात बधिर झाले. श्यामरावांना मशीन लावण्याआधी सवयीनं त्यांनी ते स्वतःच्या बोटाला लावलं.

नव्वद.

त्या बघतच राहिल्या. मग त्यांनी हात पदराला पुसले, चोळले, मशीन पुन्हा लावलं. सत्त्याण्णव. पुन्हा बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवली. एक्याण्णव.

"अहो, उठा. हे बघा. गार पाण्यानं बोटातल्या रक्तवाहिन्या आखडतात. मशीनला बोटात रक्तच नीट सापडत नाही, ते चुकीचा आकडा दाखवतं. चोळून ऊब आली की बरोबर दाखवतं. तीर्थ फ्रिजमध्ये का ठेवायला लावतात कळलं? आधी आकडा पाडायचा आणि मग आपणच वर चढवायचा!"

त्यांनी मंत्राविना, स्तोत्राविना, नुसत्या बर्फानं आकडा खाली आणून दाखवला आणि पदरानं वर नेऊन दाखवला. श्यामराव क्षीण हसले. "एवढंच होय?"

"एवढंच."

मग त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी आपलं बोट पुढे केलं. ताप आल्यापासून त्यांच्याच्यानं उठवलं नव्हतं, त्यामुळे इतके दिवस तीर्थही नव्हतं. बोट कोरडं होतं, तापानं कढत होतं. हेमाताईंनी मशीन लावलं.

चौऱ्याऐंशी.

"हेमा," ते म्हणाले, "हा तर खरा आहे. रोजचाच आधीचा खरा होता."

या वेळी त्यांनी फोन अगदी सरळ धरला. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. डॉक्टर म्हणाले, "काका, हे परवा कळायला हवं होतं. आत्ता आधी बेड बघा."

त्या दिवसांत पुण्यात बेड शोधणं काय होतं, ते ज्यांनी शोधला त्यांना विचारावं. तनयानं लावलेला प्रत्येक नंबर एकतर लागायचा नाही, किंवा लागून नाही म्हणायचा. बेड मिळाला तेव्हा उजाडलं होतं. रुग्णवाहिकेत हेमाताईंना बसू दिलं नाही. दार लागताना श्यामरावांनी हात वर केला, बोटाला मशीन तसंच होतं. दोन दिवसांनी तनयाचा फोन आला. हेमाताई सक्तीच्या विलगीकरणात होत्या, त्यांना शेवटचं तोंडही बघता आलं नाही. आपण मशीन तपासत बसलो आणि माणूस तपासायचा राहिला, हे त्या भिंतीशी बोलत राहिल्या. दुसरं ऐकायला घरात कुणी नव्हतं.

पुढच्या गुरुवारी सात वाजता त्या श्यामरावांच्या जागी फोनपुढे बसल्या. महाराज सांगत होते, "आपले श्यामराव प्राणात विलीन झाले. घोषात खंड पडला होता त्यांच्या. त्यातून बोध घ्या."

"मी हेमा परचुरे," त्या म्हणाल्या. "सगळे जण माझ्याकडे बघा. हे साधं नळाचं पाणी आहे, त्यात बर्फ टाकलाय. ही माझी बोटं. आता मशीन, ब्याण्णव. आता मी हात पुसते आणि चोळते..."

"ताईंना फार दुःख झालंय," महाराज कनवाळूपणे म्हणाले. "जरा आवाज बंद करा त्यांचा."

आवाज बंद झाला. हेमाताई बोलत राहिल्या, मग ते लक्षात येऊन थांबल्या. त्यांनी नुसतं बोट कॅमेऱ्यापुढे धरलं. सत्त्याण्णव. सगळ्या चौकटींतून डोळे त्यांच्याकडे लागले होते. आगाशेही पंख्याखालून वाकून बघत होते. मग हेमाताईंचा पडदाच काळा झाला. त्यांना बाहेर काढलं होतं.

थोड्या वेळानं फोन वाजला. वरच्या मजल्यावरच्या रतनताई होत्या.

"हेमाताई, पटलं हो तुमचं. अगदी पटलं. मी तेव्हाच यांना म्हटलं, बर्फाचीच सगळी करामत."

हेमाताईंना इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडू आलं. "बरं केलंत फोन केलात."

"पण काय झालंय, आमच्या यांना कालपासून ताप आहे आणि दुपारपासून नव्वदच येतोय. बोट कोरडं आहे, गरम आहे."

"मग रतनताई, तो खरा आहे! लगेच डॉक्टरला लावा."

"लावते ना. पण फोनवरच्या डॉक्टरला काय दिसणार हो? म्हटलं, आधी जरा आकडा वर येऊ दे. आमच्याकडचं तीर्थ संपलंय. श्यामरावांचं उरलं असेल ना थोडं तुमच्या फ्रिजमध्ये?"

हेमाताईंनी डोळे पुसले. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोहोचायचा तो आवाज त्यांनी काढला.

"रतनताई, नीट ऐका. त्यात काही नाही, ते थंड पाणी आहे. बोट गरम आहे, कोरडं आहे, मशीन चांगलं आहे, म्हणजे नव्वद म्हणजे नव्वद. तो वर आणू नका, तो सांगा. डॉक्टरला फोनमधून हात लावता येत नाही, नाडी बघता येत नाही, त्याच्या हातात तेवढा एक आकडाच आहे. तो तरी त्याला खरा द्या. माझ्या माणसानं खोटा दिला. तुम्ही देऊ नका."

मागे रतनताईंचे यजमान खोकत होते.

"हो हो, बरोबर आहे तुमचं," रतनताई म्हणाल्या. "बघते मी." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "म्हणजे, नाहीये का शिल्लक?"