खालचा माणूस

"सगळं बरोबर लिहिलंय तुम्ही," प्रशिक्षक बाई कागद खाली ठेवत म्हणाल्या. "पेशंट किती वेळा खोकला तेसुद्धा. पण यात तुम्ही कुठं आहात?"

स्टेनोकाकांना प्रश्न कळला नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मी खुर्चीत होतो," ते म्हणाले. "पलंगाच्या डाव्या बाजूला."

बाकीचे पाचही शिकाऊ हसले. बाई हसल्या नाहीत. "तुम्हाला काय वाटलं, ते म्हणतेय मी. ती जागा तुम्ही दर वेळी कोरी सोडता."

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, पूर्वी जुने एक्स-रे ठेवत त्या खोलीत हा वर्ग भरत असे. आजारी माणसाजवळ बसायचे आणि त्याच्या मनाला आधार द्यायचा, एवढेच शिकायचे होते. औषध नाही, उपदेश नाही, कुठल्या एका धर्माची बाजू नाही. प्रत्येक भेटीनंतर झालेले बोलणे आठवून लिहायचे आणि गटापुढे वाचायचे.

आठवून लिहिण्यात काकांचा हात धरणारा कुणी नव्हता. चौतीस वर्षे त्यांनी कोर्टात लघुलेखन केले होते. लोक रडत, खोटे बोलत, शपथेवर भांडत. काका मान खाली घालून सगळे उतरवून घेत. त्यांचे मत तिथे कुणी विचारत नसे. विचारले असते तर त्यांची पंचाईत झाली असती.

पत्नी जाऊन तीन वर्षे झाली होती. मुलगी दूर देशात होती, रविवारी फोन करी. दोघे एकमेकांकडच्या हवेबद्दल बोलत, मग तिला कामे असत. या वर्गाच्या अर्जात 'हे काम का करावेसे वाटते?' असा प्रश्न होता. काकांनी लिहिले होते, 'वेळ आहे.'

ते खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी पत्नी म्हणाली होती, "अहो, मला भीती वाटतेय." काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि सांगितले, "डॉक्टर येतीलच." डॉक्टर आले. ती पुन्हा तसे काही म्हणाली नाही. कोर्टात उतरवलेली परक्यांची लाखो वाक्ये काका विसरून गेले. 'डॉक्टर येतीलच' हे आपलेच दोन शब्द मात्र जाईनात.

दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या पलंगावर क्रेनवाले होते. वय चौऱ्याहत्तर, फुप्फुसे निकामी होत आलेली. उंच इमारतींच्या बांधकामांवर त्यांनी जन्मभर क्रेन चालवली होती. पहिल्या दिवशी त्यांनी काकांच्या छातीवरचा बिल्ला बराच वेळ वाचला.

"देवाधर्माचं सांगायला आलात?"

"नाही."

"मग?"

"बसायला."

"आणि प्रशिक्षणार्थी कशाला लिहिलंय? बसायला शिकावं लागतं का आता?"

"मला लागतंय," काका म्हणाले. क्रेनवाले हसले, मग खोकले, आणि ऑक्सिजनची नळी सावरत म्हणाले, "बसा मग. खुर्ची काही माझी नाही."

तेव्हापासून काका आठवड्यातून तीनदा त्यांच्याकडे जाऊ लागले. क्रेनवाले थोडे थोडे बोलत. लग्न केले नव्हते. सकाळी शिडीने वर चढायचे ते संध्याकाळी उतरायचे. डबाही वरच खायचा. "वरून माणसं मुंग्यांएवढी दिसायची," ते म्हणाले. "खाली उतरलो की एकदम मोठी व्हायची. मग त्यांच्याशी काय बोलावं ते सुचायचं नाही."

एका मंगळवारी दुपारी काका खुर्चीत बसले, तेव्हा क्रेनवाले खिडकीकडे तोंड करून पडले होते. वळून न बघताच ते म्हणाले, "आज जरा भीती वाटतेय हो."

"डॉक्टर येतीलच," काका म्हणाले.

शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना ऐकू आले. "आलोच," असे पुटपुटत ते उठले आणि जिन्यापर्यंत गेले. जिन्यावर माणसे चढत-उतरत होती. काका कठड्याला धरून उभे राहिले. आता सरळ घरी जावे, उद्यापासून येऊच नये, असे त्यांना फार वाटले. घर, कुलूप, आत पंखा, दोनातली एक रिकामी खुर्ची. दहा मिनिटांनी ते परत वॉर्डात आले.

"मघाशी मी चुकीचं बोललो," ते म्हणाले. "डॉक्टरांचं राहू द्या. भीती कसली वाटतेय?"

क्रेनवाल्यांनी आता तोंड वळवले. "मरायची नाही. सकाळी सिस्टरने फॉर्म आणला. म्हणाली, काही झालं तर कळवायचं कुणाला? मी म्हटलं, आठवून सांगतो. दुपार झाली, अजून आठवतोय."

काकांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"एक होता," क्रेनवाले म्हणाले. "खालून हात दाखवणारा. वरून मला माल टेकतोय कुठं ते दिसायचं नाही. तो हात करील तसं मी करायचं. अकरा वर्षं आम्ही जोडीने काम केलं. एवढ्या वर्षांत कधी शेजारी बसून जेवलो नाही. पण त्याचा हात मी शंभरात ओळखीन."

काकांनी त्या माणसाचे नाव विचारून घेतले. दोन दिवस ते फोन करत होते. बांधकाम कंपनी बंद पडली होती. तिथल्या एका जुन्या कारकुनाने शोधाशोध करून घरचा नंबर दिला. फोन त्या माणसाच्या बायकोने उचलला.

"ते गेले," ती म्हणाली. "दोन वर्षं होतील. कोण विचारतंय?"

"त्यांच्याबरोबर क्रेनवर एक जण होते, त्यांच्यासाठी विचारतोय."

"वरचे?" तिचा आवाज बदलला. "घरी सारखं त्यांचंच असायचं. आजारी असले तरी हे कामावर जायचे. म्हणायचे, मी नसलो तर वरच्याला दिसायचं कसं?"

प्रशिक्षक बाईंना काकांनी हे सांगितले. त्या म्हणाल्या, "माणसं शोधून देणं हे आपलं काम नाही, काका. आता त्यांना काय सांगणार?"

"खरं ते."

"सांगा. पण तुम्हाला हलकं वाटावं म्हणून नको. त्यांनी विचारलं तर."

क्रेनवाल्यांनी काकांच्या तोंडाकडे बघितले आणि विचारले, "लागला का पत्ता?"

"लागला. ते गेले. दोन वर्षांपूर्वी."

क्रेनवाल्यांनी डोळे मिटले. यंत्राचा बारीक आवाज तेवढा येत होता. मग काकांनी त्या माणसाची बायको जे म्हणाली ते शब्दाला शब्द सांगितले.

"असं म्हणायचा?" क्रेनवाले म्हणाले. डोळ्यांतून पाणी आले, ते त्यांनी पुसले नाही. "दोन वर्षं. आणि मी आपला तो खाली उभा आहेच, असं धरून चाललो होतो."

थोड्या वेळाने त्यांनी पांघरुणातून हात बाहेर काढला. काकांनी तो धरला. चौतीस वर्षे पेन धरलेल्या त्यांच्या बोटांना दुसऱ्याचा हात किती घट्ट धरायचा हे उमगत नव्हते. शेवटी क्रेनवाल्यांनीच पकड नीट करून घेतली. "बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. "माझंही नाव कुणी तरी काढत होतं म्हणजे."

सोमवारी सकाळी काका वॉर्डात आले तेव्हा सिस्टरने त्यांना बाजूला घेतले. क्रेनवाले पहाटे गेले होते. फॉर्मवरची जागा अखेरपर्यंत रिकामी राहिली होती.

तळमजल्याच्या टोकाला गेलेल्या माणसाला निरोप द्यायची एक लहान खोली होती. बाईंनी अर्ध्या तासाची परवानगी काढली. बाई, सिस्टर, एक वॉर्डबॉय आणि काका, एवढेच चौघे आले. रिवाजाप्रमाणे बाई बोलायला पुढे झाल्या आणि थांबल्या. त्यांनी काकांकडे बघितले.

काका उठले. हातात कागद नव्हता.

"हे क्रेन चालवत," ते म्हणाले. "यांनी उचललेल्या भिंतींच्या आत आज हजारो माणसं राहतात. त्यातलं यांना कुणी ओळखत नाही. खालून एक माणूस हात दाखवायचा, त्याच्यावर यांनी अकरा वर्षं विश्वास ठेवला." ते थांबले, पण बसले नाहीत. "माझी बायको गेली तेव्हा मी काहीच बोललो नव्हतो. मला यांची फार आठवण येईल."

मग क्रेनवाल्यांना नेले. सिस्टरची ड्यूटी होती, बाईंचा वर्ग होता. काका मात्र खुर्चीतून हलले नाहीत. सफाईच्या मावशी बादली घेऊन दारात आल्या.

"झालं का? खोली पुसायचीय."

"हो, हो," म्हणत काका उठू लागले.

मावशींनी त्यांच्याकडे नीट बघितले. "तुम्ही कोण त्यांचे?"

"मी त्यांच्याजवळ बसायचो."

मावशींनी बादली खाली ठेवली, फडके पिळले. "बसा मग अजून थोडं," त्या म्हणाल्या. "मी तिकडच्या कोपऱ्यापासून घेते."

त्या पुसत पुसत जवळ आल्या, काकांनी पाय वर घेतले, आणि त्या पुढे गेल्या. फरशी त्यांच्या खुर्चीभोवती हळूहळू वाळत गेली.