सातवीचं ऊन

सातव्या टीवरचं गवत प्रतापरावांनी चिमटीत धरून हलकेच ओढलं आणि ते मुळासकट हातात आलं. मुळं कसली, ओले तपकिरी धागेच होते. चोरी लपवावी तसं त्यांनी ते पटकन पँटच्या खिशात कोंबलं. बघायला आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं.

टी म्हणजे गोल्फचा पहिला फटका मारायची सपाट, जराशी उंच जागा. कॅनडातल्या व्हिटबीच्या या क्लबात अशा अठरा होत्या, आणि सतरांवर गवत कसं नजर लागावी असं. सातवीला मात्र खरूज झालेली. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. पूर्वेला मेपलचं भलंथोरलं झाड उभं होतं. सकाळचं ऊन ते एकटंच खायचं, दव दुपारपर्यंत वाळायचं नाही आणि खाली गवत कुजायचं. आता एक तर झाड तोडायचं, नाहीतर प्लास्टिकच्या गवताची चटई अंथरायची.

आणि ते झाड लावलं होतं खुद्द प्रतापरावांनीच. नागपूरहून येऊन ते या मैदानावर कामाला लागले त्याच वर्षी रुचा झाली. क्लबने लावायला रोपं आणली होती, त्यातलं एक त्यांनी सातवीजवळ लावलं. उद्या ऊन कुठून येईल हा विचार मनाला शिवला नाही. नवा बाप होता, हवेत होता. पुढे दर मे महिन्यात, वाढदिवसाला, पोरीला त्या झाडाखाली उभी करून फोटो काढायचा हा घरचा कुळाचार झाला. रुचा नोकरीला कॅल्गरीला गेली तरी झाडाचा फोटो तिला जातच राहिला.

साहेबीण ब्रेंडा भली बाई. तिने आपणहून चटईच्या बाजूने कौल दिला. तुझं झाड राहू दे, म्हणाली. पण प्रतापरावांचा हा निवृत्तीआधीचा शेवटचा उन्हाळा. तीसेक वर्षं गवत पिकवलं आणि जाताना प्लास्टिक अंथरून जायचं? हे म्हणजे जन्मभर रांधणाऱ्याने शेवटच्या पंगतीला मेणाची फळं वाढण्यासारखं झालं. एवढा उन्हाळा मला द्या, असं त्यांनी मागून घेतलं. झाडही राखतो आणि गवतही उगवून दाखवतो, म्हणाले.

सावलीत तग धरणारं बी त्यांनी पेरलं, यंत्राचं पातं वर घेऊन गवत उंच राखलं, खेळणाऱ्यांना दोरी लावून बाजूला वळवलं. सगळं शास्त्राला धरून. पण रोज सकाळी कामाला लागण्याआधी तिथे पाणी घातल्याशिवाय त्यांना चैन पडेना. मधूनच वरखताची एखादी मूठही पडायची.

त्या संध्याकाळी बेसमेंटमध्ये कपडे धुवायला टाकताना अरुणाताईंच्या हाताला खिशातला तो लगदा लागला.

"अहो, हे काय? चिखल घेऊन फिरताय खिशात?"

"सातवीचं आहे."

अरुणाताईंनी तो नाकाशी नेला. "पाणी रोज घालता?"

प्रतापराव उरलेले कपडे मशीनमध्ये टाकू लागले. अरुणाताईंना हसू आलं. दर विंटरला खिडकीतली तुळस याच माणसाने मारली होती. बाहेर बर्फ, ऊन नावाला नाही, आणि यांचा आंघोळ झाली की तांब्याभर पाणी घालायचा नेम. शेवटी त्यांनी तांब्याच लपवून ठेवला होता.

"ज्याला ऊन नाही त्याला तहानही नसते. किती वर्षं सांगतेय मी."

"माहीत आहे गं. नवीन माणसांना हे मीच शिकवतो." प्रतापराव जिन्याच्या पायरीवर बसले. "पण झाड वाचायला पाहिजे होतं ना. मग हात थांबेना."

"आता पाणी कमी केलं तर गवत जगेल?"

त्यांनी खरा विचार केला. "नाही. हळूहळू मरेल, एवढंच. त्याला सकाळचं ऊनच पाहिजे."

त्यांनी रुचाला फोन लावला आणि सगळं सांगितलं, झाड पाडावं लागेल हेही.

"इट्स ओके, बाबा," ती म्हणाली. "अँड यू नो, दोज फोटोज? आय वॉज ऑलवेज फ्रीझिंग अंडर दॅट ट्री."

प्रतापरावांना वाईट वाटलं, आणि मग हसूच फुटलं. एवढी वर्षं पोर कुडकुडत उभी होती आणि कॅमेऱ्यामागून ते तिला म्हणत होते, जरा हस की.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ब्रेंडाला झाड पाडायला सांगितलं. तिने पुन्हा पुन्हा विचारलं, ते बदलले नाहीत. करवत चालली तेव्हा ते मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गवत कापत होते. यंत्राच्या आवाजात ऐकू येणार नाही असं त्यांना वाटलं होतं. ऐकू आलं. सप्टेंबरात त्यांनी सातवीला नवं बी पेरलं आणि पाणी अगदी बेतानं दिलं. त्याच महिन्याच्या शेवटी ते निवृत्त झाले.

मे महिन्यात, रुचाच्या वाढदिवसाला, दोघं सकाळीच क्लबात गेले. सातवी दाट हिरवी झाली होती. प्रतापरावांनी खाली बसून एक पातं चिमटीत धरलं आणि ओढून पाहिलं. ते तुटलं, पण मूळ जागचं हललं नाही.

मग ते टीवरून उतरले आणि झाड होतं त्या जागी जाऊन उभे राहिले. या घरच्या फोटोंत ते कधी नसायचेच. आज अरुणाताईंनी फोन धरला.

"डोळे मिटलेत तुमचे. दुसरा काढते."

"राहू दे," प्रतापराव म्हणाले. "हाच पाठव. इथे आता ऊन येतं, कळू दे तिला."