पोकेच्या कानामागचं तेल

गोचीड काही सुटत नव्हती. राखाडी, टम्म, वाटाण्याएवढी... कानामागच्या मऊ जागी अशी रुतलेली, जणू कानाबरोबरच जन्माला आलेली. तेपाएरूनं पोकेचं डोकं दोन्ही गुडघ्यांत धरलं, नखांच्या चिमटीत ती पकडली, जरासा पीळ दिला, ओढली — आली. दगडावर टाकून बुटाच्या टाचेनं चिरडली. पोकेनं कान झटकला. उपकार वगैरे काही मानले नाहीत. आणि मग बोटांना वास आला. खोबरेल. फुलं घालून उन्हात मुरवलेलं, आई केसांना लावायची तसलं. कुत्रीच्या कानामागं खोबरेल? कालच्या पाहुण्यांपैकी कुणाचं तरी असेल, अंगाला काय काय चोपडून येतात आणि कुत्र्यांच्या गळ्यात पडतात... तिनं बोटं पँटला पुसली. वास गेला नाही.

"ही दोन्ही कुत्री तुमची का?" नीलनं विचारलं.

हा प्रश्न रोज इथंच येतो, बेट ओलांडणाऱ्या डोंगरवाटेच्या तोंडाशी, पाटीपाशी. नील डनीडनचा निवृत्त मास्तर, बरोबर बायको जोसलिन, दोघांच्या टोप्या सारख्या.

"कुणाचीच नाहीत," तेपाएरू म्हणाली. "माणसं वाटेला लागली की हीसुद्धा लागतात. ही पोके, आमच्याकडच्या केळ्याच्या खिरीच्या रंगाची. तो रुकाऊ, शिजवून काळपट झालेल्या अळूच्या रंगाचा. माझ्यात नि त्यांच्यात फरक एवढाच, मी तोंडही चालवते."

दोघं हसली. रोजच हसतात. उद्याचेही हसतील — आणि मग तिला आठवलं, की उद्याचं काही सांगता येत नाही, उद्या दुपारी विमान आहे आणि त्यात दोन जागा आहेत, एक रोइमाताची आणि एक... रोइमाता हसली नव्हती. ती खाली बसून नव्या बुटांची नाडी पुन्हा बांधत होती. चार दिवसांपूर्वी ऑकलंडहून आलेली ही धाकटी बहीण, हातात दुसरं तिकीट घेऊनच आलेली. आणि चार दिवस तेपाएरूनं तिला मासे खाऊ घातले, चुलतभावंडांकडे फिरवलं, रविवारी देवळात नेलं, पण उत्तर काही दिलं नाही.

"ताई," रोइमाता मान वर न करता म्हणाली, "आज खाली उतरेपर्यंत सांग. संध्याकाळी मला फोन करायचाय. शेजारीण किती दिवस सांभाळणार आईला?"

आईला. तुझ्या आईला, तेपाएरूनं मनातल्या मनात दुरुस्ती केली. माझी आई दारात आहे, पत्र्याच्या छपराखाली, पांढऱ्या चुन्यानं रंगवलेल्या थडग्याच्या ओट्यात. सकाळीच मी तिच्यावरची पानं झाडली आणि म्हटलं, आज पाहुणे दोनच आहेत गं, आणि एक ती आहे.

चढ सुरू झाला. पोके पुढं, रुकाऊ सगळ्यात मागं, जोसलिनच्या पोटऱ्यांना नाक लावत. नील तर सारखा वळून वळून सगळ्यांना मोजत होता, शाळेतली पोरं मोजावीत तसा. जिथं झाडांच्या मुळांच्याच पायऱ्या होतात तिथं तेपाएरू थांबली. तिच्या तोंडानं सांगितलं, "या पायऱ्या सरकारनं बांधलेल्या नाहीत, म्हणून अजून टिकल्यात," आणि तिचे कान ते ऐकत राहिले. अकरा वर्षं पाहुण्यांना हीच वाट, हाच विनोद, याच मुळावर डावा पाय ठेवून. एकदा घसा बसला होता तेव्हा तिनं तो हातवारे करून केला होता, आणि माणसं तेव्हाही हसली होती.

पहिलं मूल नवऱ्याच्या मोठ्या बहिणीच्या ओटीत घालायचं. असं करतातच इथं, त्यात कुणाला काही वाटत नाही, ना देणाराला ना घेणाराला. तेरेमोआना आत्याला मूल नव्हतं. भावाला झालं, म्हणजे तेपाएरू, त्यानं दिलं, तिनं छातीशी घेतलं, आणि आत्याची आई झाली. मग भाऊ-भावजय दोन वर्षांसाठी म्हणून ऑकलंडला गेली. तिथं रोइमाता जन्मली. दोन वर्षं अजून संपायची आहेत. तिकडची आई म्हणजे रविवारच्या फोनमधला आवाज, आणि नाताळच्या आधी बोटीनं येणारं निळं पिंप. पिंपात साबण, डबाबंद मटण, आणि कपडे. कपडे रोइमाताचे उतरलेले, शाळेचे सदरे, कॉलरच्या आत शिवलेली पट्टी: रोइमाता. पट्ट्या उसवायला इकडच्या आईला वेळ नसायचा, मग शाळेत पोरी तिला रोइमाताच म्हणायच्या. ए रोइमाता, तुझी आई तुला विसरली का गं बोटीत चढवायला? तेव्हा ती मारामारी करायची. पण सदरा काढून टाकायची नाही. मापात कधीच बसायचा नाही तो, खांद्यात घट्ट नाहीतर बाह्या आखूड. दोन वर्षांनी लहान असलेल्या पोरीवरून अंदाज बांधायची तिकडची आई, इकडची पोर केवढी झाली असेल म्हणून...

"पाणी?" नीलनं बाटली पुढं केली. ती थांबलीच होती, वाटेच्या मधोमध.

"नको. गुडघा. जुना आहे तो, माझ्याच बरोबरीचा."

खिंडीत पोचले तेव्हा वारा होता. वर काळा सुळका, सुई म्हणतात तो. आणि दोन्ही बाजूंना उतरत गेलेलं रान, नेचे, माड, खाली पांढरी रेघ जिथं प्रवाळावर लाट फुटते, आणि मग समुद्र. उत्तरेला समुद्र, दक्षिणेला समुद्र. जोसलिननं दोन्ही हात पसरले.

"किती मोकळं वाटतं हो!"

"वाटतं ना?" तेपाएरू म्हणाली. हेही ठरलेलं. कुणी ना कुणी हात पसरतंच. तिला मात्र इथं उभं राहिलं की ताटात उभं राहिल्यासारखं वाटतं. कुठल्याही बाजूला गेलं तरी काठ. खाली बेटाभोवती एकच रस्ता, त्यावर दोन बसगाड्या, एकीवर पाटी 'घड्याळाच्या दिशेनं', दुसरीवर 'घड्याळाच्या उलट'. आणि कुठलीही पकडा, शेवटी चढलात तिथंच उतरता.

रोज ती इथूनच मागं फिरते. दोन वर्षं झाली, आई गेल्यापासून नि गुडघा धरल्यापासून, दक्षिणेचा उतार तिनं केलाच नाही. पोके भेटली तीही त्यानंतरच, आणि ती इथंच नेच्यांत शिरते आणि नाहीशी होते. जवळच्या वाटेनं घरी जात असेल, कुठलं का घर असेना. सकाळी मात्र पाटीपाशी हजर. पाऊस असो, पाहुणे असोत-नसोत. एकदा ताप आला म्हणून तीन दिवस गेली नाही, तर चौथ्या दिवशी पोके तिथंच, भिजलेली, शेपटी हलवत. तेव्हापासून तिनं एकही सकाळ चुकवली नव्हती. कुणीतरी वाट बघतं आपली... हे रोइमाताला कसं सांगायचं?

पण आज नील-जोसलिनचं बिऱ्हाड दक्षिण किनाऱ्यावर, आणि रोइमाताला धबधबा बघायचा होता. म्हणजे उतरायचं.

पाहुणे पुढं गेले, कुत्री त्यांच्यापुढं. बहिणी मागं राहिल्या. ओढा आडवा आला, दोर धरून उतरताना रोइमाता घसरली, चिखलात बसली, आणि उठलीच नाही.

"लागलं?"

"नाही." तिनं तळहाताचा चिखल दोराला पुसला. "तुला काय वाटतं, मी मोलकरीण न्यायला आलेय?"

"मी कुठं काय म्हटलं?"

"तेच तर. काहीच म्हणत नाहीस. नुसते मासे वाढतेस."

"थडग्याचं कोण बघेल? दोन महिन्यांत रान माजतं."

"शेजारच्या तामाचा पोरगा गवत कापेल. विचारलंय मी."

"पाहुणे..."

"पाहुण्यांना कुत्रीसुद्धा डोंगर दाखवतील. तूच म्हणालीस मघाशी."

"आणि पोके?" तोंडातून निघून गेलं. चाळीशी कधीच उलटलेली बाई, आणि हे बोलली.

रोइमातानं तिच्याकडे बघितलं. हसली नाही. "ताई, कुत्रीसाठी कुणी राहतं का गं?"

तेपाएरू ओढ्यात हात धुऊ लागली. हात स्वच्छच होते.

"पक्षाघाताचा झटका आल्यापासून आई मला तुझ्या नावानं हाक मारते," रोइमाता म्हणाली. आवाज अगदी साधा, वाणसामान सांगावं तसा. "आधी कधीकधी. आता रोजच. मी तिला आंघोळ घालते ना, तर म्हणते, तेपाएरू, तुझे हात गार आहेत. मी म्हणते, आई, मी रोइमाता. तर म्हणते, रोइमाता शाळेत गेलीय. आठ महिने झाले, मी त्या घरात नाहीच आहे. तूच आहेस... मी थकले गं."

पाणी दगडाला वळसा घालून जात होतं. कॉलरमधली पट्टी मानेला टोचायची, उन्हात घाम आला की जास्तच. मान लाल व्हायची. मी किती वर्षं तुझ्या नावात फिरले, आता फिर की तू थोडी माझ्या — असं मनात आलं, आणि ते आल्याची लाज वाटली, आणि लाजेच्याही खाली एक गोड, चोरटी गोष्ट होती, तिला नाव देववेना: ती माझं नाव घेते. मी नसताना. पण कुणाला हाक मारते ती? मला तर तिनं नीट पाहिलंही नाही. तिच्याजवळ असलेली तेपाएरू कोण आहे, केवढी आहे, तिला कुठले सदरे येतात?

"ऊठ," ती म्हणाली. "बुडाखाली ओल गेली की सर्दी होते."

"झालं तुझं उत्तर?"

"अजून उतरलो नाही आपण."

धबधब्यापाशी नीलचे पाय पाण्यात होते. काठावरच्या घरातून एक जाडजूड बाई बाहेर आली, फुलाफुलांचा झगा, हातात ताट. ही उपोकोइना, देवळात कधीतरी दिसते, पलीकडच्या गावची, म्हणून नमस्कारापुरती ओळख.

"मेरेआना!" उपोकोइना ओरडली. "आली का भटकभवानी!"

आणि पोके धावली. शेपूटच नव्हे, सगळं मागचं अंगच हलवत गेली, ताटात तोंड घातलं, खाऊन झाल्यावर पायरीवरच्या एका जुन्या चादरीवर तीन गिरक्या घेऊन बसली. चादरीला तिच्या आकाराचा खळगा पडलेला होता.

"ही... तुमची?" तेपाएरूनं विचारलं. रोज तिला लोक विचारतात तो प्रश्न. विचारणाराचं तोंड कसं होतं ते तिला पहिल्यांदाच कळलं.

"सात वर्षं झाली. रात्री हिथंच. पहाटे मी उठायच्या आत डोंगरावर. कुठं उंडारते देव जाणे! डुकरांच्या मागं जात असेल." उपोकोइनानं पोकेचा कान उलटा केला. "अगं बाई, गोचीड गेली की! काल रात्री इतकं तेल चोळलं, सैल पडेल म्हणून, तर मेली ढिम्म हलली नव्हती. कुणी काढली?"

"मी."

"तुम्ही?"

"तिकडे ती माझी वाट... तिकडे तिला पोके म्हणतात."

उपोकोइना आधी बघत राहिली आणि मग हसत सुटली, पोट धरून. "म्हणजे सकाळचा नाश्ताही झोडते वाटतं! बघा, बघा कशी पडलीय, जशी काही दिवसभर हिथंच होती!"

सगळे हसले. जोसलिननं फोटो काढला. तेपाएरूही हसली, ठरलेल्या जागी हसावं तशी. वाट नव्हती बघत ती. यायची, हिंडायची, परत जायची. पावसात भिजली होती ती आपल्यासाठी नाही, तिला हवं होतं म्हणून. दोन घरं, दोन नावं, आणि दोन्हींना शेपूट हलवते; कुठल्याच नावाखाली तिची मान लाल झालेली नाही.

"पोके," तिनं हळूच हाक मारली.

पोकेनं एक डोळा उघडला. शेपटी एकदा चादरीवर आपटली. उठली नाही.

हायसं वाटायला हवं होतं. राहायचं तेवढं एक कारण होतं, तेही सुटलं, चिमटीत गोचीड निघून यावी तसं, मुळासकट. मग हे घुसमटल्यासारखं का होतंय? इतकी वर्षं वाटायचं की दार बाहेरून लावलंय. कुणीतरी धरून ठेवलंय आपल्याला, आईच्या ओट्यानं, या कुत्रीनं, त्या देणाऱ्या-घेणाऱ्यांनी. बाहेरून कडी असली की आत बसणाऱ्याला काही विचारावं लागत नाही. आणि आता हे दार नुसतंच लोटलेलं, वाऱ्यानं किरकिरणारं, आणि उंबऱ्याच्या आत आपण. कडी कुठाय? कडीच नाहीये.

नील-जोसलिन त्यांच्या वाटेनं गेली. रुकाऊ त्यांच्याबरोबर गेला, मागं न बघता. बहिणी रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या, आणि पहिली आलेली बस पकडली, उलट्या दिशेची. ड्रायव्हरनं आरशातून भुवया उंचावल्या, म्हणजे विचारपूस झाली, तेपाएरूनंही उंचावल्या. खिडकीतून घरं मागं जात होती, प्रत्येकाच्या दारात आपापली माणसं पांढऱ्या ओट्यांत निजलेली, कुणाच्या डोक्यावर पत्रा, कुणाच्या छातीवर प्लास्टिकची फुलं.

रोइमातानं फोन मांडीवर ठेवला. चिखल वाळून तिच्या नव्या बुटांना भेगा पडल्या होत्या.

"उतरलो, ताई," ती म्हणाली. "काय सांगू तिला?"

तेपाएरूनं तोंड उघडलं. घसा होता, शब्द होते, पण अकरा वर्षांत इथं म्हणायचं असं काही ठरवून ठेवलेलं नव्हतं. बस वळली, समुद्र उजव्या बाजूला होता तो उजव्याच बाजूला राहिला. खोबरेलाचा वास अजून येत होता, आता जास्तच. तिनं खाली पाहिलं. तिचे दोन्ही तळवे एकमेकांवर घासले जात होते, जोरजोरात, थंडीत घासावेत तसे. कधीपासून, कोण जाणे. तिनं उजवा तळवा उचलून स्वतःच्या मानेवर टेकवला, कॉलरच्या आत, जिथं पट्टी असायची तिथं... गारच होता अजून, आंघोळीच्या वेळी तिकडची आई म्हणते तसा. तिनं हात पुन्हा मांडीत घेतले, आणि घासायला लागली.