म्हातारी खार कुठे गेली

“मग म्हातारी खार कुठे गेली?” गंधालीनं विचारलं.

“नागपूरले,” खेमा म्हणाली. ओठ जेमतेम हलवून, समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागेल इतकं हळू.

गंधालीनं पुस्तकाकडे पाहिलं. चित्रात झाडाखाली म्हातारी खार डोळे मिटून पडली होती. अंगावर पाचोळा होता. भोवती छोटी टुणी खार, तिचे भाऊ आणि एक बेडूक मान खाली घालून बसले होते. नागपूर कुठेच नव्हतं.

दाराशी स्टुलावर बसलेला खेमाचा बाप, धर्मपाल, खिडकीबाहेर बघू लागला.

“नागपूरला कशाला गेली?”

“तब्येत खराब होती. तिथं मोठा दवाखाना हाय.”

“आणि हे सगळे असे का बसलेत?”

खेमानं एकेकावर बोट ठेवलं. “गप बसले हायेत. गप बसलं का ते वापस येते.”

एवढं लांब वाक्य ती गंधालीशी पहिल्यांदाच बोलली होती. गंधालीनं शाबासकी दिली नाही. तिनं पुस्तक मिटलं, खेमाला कोपऱ्यातल्या ठोकळ्यांपाशी बसवलं आणि धर्मपालला बाहेर व्हरांड्यात बोलावलं.

रायपूरच्या समता कॉलनीतल्या या दवाखान्यात गंधाली मुलांना बोलायला शिकवायची. खेमा पाच वर्षांची. आधी चांगली बडबडी होती, गेल्या हिवाळ्यात बोलायची थांबली. कान तपासले, जीभ तपासली, सगळं ठीक होतं. तेव्हा गंधालीनं हे चित्रांचं पुस्तक दिलं होतं. रोज वाचा, म्हणाली होती, आणि तीच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचा. नवा शब्द एकदा ऐकून मुलांना येत नाही, तो गोष्टीत वेगवेगळ्या तोंडून, वेगवेगळ्या कारणानं भेटत राहावा लागतो. घरी जी भाषा बोलता तिच्यातच वाचा.

धर्मपाल शिकला हिंदी शाळेत. पुस्तकातली मराठी त्याला घरच्या मराठीपेक्षा कडक इस्त्रीची वाटायची. ‘ढोली’ म्हणजे काय हे त्यानं आपल्या आईला, भीमाबाईला विचारलं. ती म्हणाली, “झाडाच्या पोटातली खोली. येवढं नाही माहीत तुले?” मग त्यानं ते तसंच खेमाला सांगितलं.

भनपुरीत तो धरमकाट्यावर, ट्रकांचं वजन करायच्या काट्यावर, कामाला होता. भरलेले ट्रक येत, काट्यावर चढत, आकडा थोडा वेळ थरथरत राही आणि मग स्थिर होई. “धरमकांटे पे धरमपाल, अब तो बेईमानी हो ही नहीं सकती,” हा भैय्यालाल ड्रायव्हरचा ठरलेला विनोद. दुपारी खेमा काट्याच्या केबिनमध्येच असे, आणि दोन ट्रकांच्या मधल्या वेळात पुस्तक निघे. एकदा माल जास्त भरला म्हणून भैय्यालालला माघारी जावं लागलं. तो पाय ओढत ट्रककडे निघाला तेव्हा खेमा काचेला नाक लावून पुटपुटली, “भैया हिरमुसला.” शब्द टुणी खारीचा होता, तिचं बोर बेडकानं पळवलं तेव्हाचा. धर्मपालनं धावत जाऊन भैय्यालालला सांगितलं. “मतलब क्या हुआ इसका?” भैय्यालालनं विचारलं. धर्मपालला हिंदीत नेमकं सांगता येईना. “मतलब, अभी जैसा तेरा मुँह है,” तो म्हणाला.

आता व्हरांड्यात गंधाली विचारत होती, “तुम्ही गोष्ट बदललीत?”

“तेवढं एकच पान, मॅडम.”

“तिला तिच्या आईचं सांगितलेलं नाही?”

धर्मपालनं मान हलवली. हिवाळ्यात त्याच्या बायकोला, चेतनाला, नागपूरला भरती केलं. ती तिथेच गेली. सगळे विधी नागपूरजवळ तिच्या माहेरी झाले. खेमा तेव्हा रायपुरात शेजारच्या साहू भाभींकडे होती. परत आल्यावर त्यानं सांगितलं, आई नागपूरले हाय. दुसऱ्या दिवशी खरं सांगू, असं तेव्हा वाटलं होतं. मग पुस्तकात ते पान आलं आणि त्याच्या तोंडून आपोआप नागपूर निघालं.

“चेतनाताई आजारी असताना हिला कोणी काही म्हणायचं?”

“काय म्हणू? आईले झोपू दे, आवाज नको करू. येवढंच. गप राहिली त आई लवकर बरी होते.” तो थांबला. बोललेलं वाक्य त्याला आता कुठे ऐकू आलं. “मीच म्हणत होतो, मॅडम. रोज.”

गंधालीनं आत ठोकळ्यांपाशी बसलेल्या खेमाकडे पाहिलं. मग म्हणाली, “ती तिचं काम करतेय, धर्मपालजी. गप राहून वाट बघतेय. मी तिला कितीही शब्द दिले तरी ती ते आत ठेवून देणार. हा एक शब्द तुम्हालाच द्यावा लागेल.”

“पुस्तकात लिवला तसा?”

“तसाच. झोपली, गेली, देवाघरी, असलं काही नको. मुलं झोपायला घाबरतात मग.”

घरी आल्यावर त्यानं भीमाबाईला सांगितलं. ती ताटात तांदूळ घेऊन निवडत होती. या घरात हिवाळ्यापासून सगळेच हळू बोलत, भांडीसुद्धा जपून ठेवत.

“पाच वर्साची पोट्टी हाय ते,” ती म्हणाली. “काय समजते तिले? मोठी झाली का सांगजो.”

“तवरक गप ठेवू का तिले?”

“मी कुठं म्हणून राहिली गप ठेव?”

“तेच त होऊन राहिलं ना, माय.”

भीमाबाईनं एक खडा बाजूला काढला, आणि मग बराच वेळ ताटावरून नुसता हात फिरवत राहिली.

धर्मपालनं खेमाला मांडीवर घेतलं. पहिली पानं तिला पाठ होती, ती त्याच्याबरोबर ओठ हलवत होती. ढोली आली, बोर आलं, बेडूक आला. मग ते पान आलं.

“नागपूरले गेली,” त्याच्या आधीच ती पुटपुटली.

धर्मपालनं अक्षरांखाली बोट ठेवलं. पहिलीतल्या पोरासारखं एकेक शब्द लावत तो वाचू लागला. “सकाळी टुणीनं हाक मारली. पण म्हातारी खार उठली नाही. ती मेली होती. टुणीनं तिला पाचोळा पांघरला.”

“असं नाही हाय.”

“असंच हाय, बेटा. मी चुकीचं वाचत होतो.”

“काहून?”

“मले वाचवत नव्हतं.”

खेमानं चित्राकडे पाहिलं. टुणीवर बोट ठेवलं, मग बेडकावर, मग पुन्हा टुणीवर. “मेली म्हणजे?”

“म्हणजे तिचं अंग बंद पडलं. श्वास नाही, भूक नाही, दुखत बी नाही. मंग ते वापस येत नाही.”

“आई?”

“आई बी मेली. नागपूरले गेली हे खरं हाय. मंग तिथंच मेली.”

“मी गप होती ना,” खेमा म्हणाली.

“हव. तू लय गप होती. तुझं काहीच चुकलं नाही. ते मीच चुकीचं सांगतलं तुले. कोणी गप राहिलं म्हणून माणूस थांबत नाही, अन बोललं म्हणून जात नाही.”

ती त्याच्या शर्टाचं बटण धरून बसली. तिचा चेहरा थरथरला, स्थिर झाला, पुन्हा थरथरला. आणि मग ती रडली. नाक ओढत, पोटातून, तोंड पूर्ण उघडून. इतका मोठा आवाज तिच्यात आहे हे धर्मपाल विसरून गेला होता.

ताट बाजूला सारून भीमाबाई धावली. “गप, गप माय—” तिच्या तोंडातून सवयीनं निघालं, आणि तिनं स्वतःच्याच तोंडावर हात दाबला. मग खाली बसून ती खेमाची पाठ चोळू लागली.

आवाज ऐकून साहू भाभी कणकेच्या हातांनीच दारात आल्या. “क्या हो गया, भैया? गिर गई क्या?”

“नहीं भाभी,” धर्मपाल म्हणाला. “अपनी माँ के लिए रो रही है.”

भाभींनी आत पाहिलं, भीमाबाईकडे पाहिलं, आणि परत जाताना दार ओढून घेऊ लागल्या.

“रहने दो भाभी,” धर्मपाल म्हणाला. “खुला रहने दो.”